निवेदनात बाप्तिस्म्याचे वय का नाही

आमच्या प्रार्थनासंगतीच्या विश्वासनिवेदनावर सही करून आत आलेला जवळजवळ प्रत्येक जण काही दिवसांनी मला विचारतो, "ताई, तुमचा बालबाप्तिस्म्यावर विश्वास आहे, मग निवेदनात तसे का नाही लिहिले?" विचारणारा पुण्याचा असो, नगरचा असो की आखातात नोकरी करणारा, भांडण टाळण्यासाठी आम्ही सत्य झाकले अशी शंका त्याच्या स्वरात असते. ती शंका मला लागते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

बाप्तिस्म्याविषयी आम्ही मुळीच गप्प बसलेलो नाही. आम्ही नवे काही रचले नाही. 325 साली नायसिया येथे मांडलेल्या आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपल येथे विस्तारलेल्या विश्वासांगीकाराचाच, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या सामायिक कबुलीचाच, पाठ घेतला, आणि पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा आम्ही कबूल करतो, हे त्यातच आहे. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, म्हणजे ख्रिस्तापासूनही, हा पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील मंडळ्यांचा, म्हणजे चर्चांचा, जुना वाद आमच्याकडे फार टिकला नाही. 381च्या पाठात पुत्राचा तो उल्लेख नव्हताच, आणि वसईच्या कॅथलिक भगिनी व केरळहून पुण्यात स्थायिक झालेले ऑर्थोडॉक्स बंधू या दोघांनाही तो पाठ चालला.

वय न लिहिण्याचा मार्गही आमच्या आधी इतरांनी चोखाळलेला होता. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते तसे तो फक्त विश्वास ठेवणाऱ्यांना देणारे बाप्टिस्टही होते, आणि तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा व विश्वास ठेवणाऱ्या प्रौढाचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती तिने मान्य केल्या. मी त्याच मंडळीत वाढले, तान्हेपणी बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण, म्हणजे कळत्या वयात स्वतः दिलेली विश्वासाची कबुली, अशा क्रमाने. त्या ऐक्याची बोलणी 1929 पासून चालली होती, आणि तरीही शेवटच्या वळणावर इथली एक मोठी मेथडिस्ट मंडळी बाहेरच राहिली, हे ठाऊक असूनही आपल्याला ते सहज जमेल असे मला वाटत होते.

मसुदा वाचला त्या संध्याकाळी आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा जालन्याकडच्या एका खेड्यात, आईच्या मांडीवर असताना झाला होता. पुढे तारुण्यात ते देवापासून दूर गेले, पत्नीच्या दीर्घ आजारात परत फिरले, आणि एका विहिरीत बुडी घेऊन त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यावरून त्यांच्या जुन्या मंडळीने त्यांना बराच काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवले होते. सगळ्यांचे बोलून झाल्यावर ते मला म्हणाले, "ताई, 'एकच बाप्तिस्मा' हे वाक्य मी म्हणायचे, तर माझ्या दोहोंपैकी खोटा कोणता ते तुम्ही सांगा." मी जागतिक चर्च परिषदेच्या 1982च्या लिमा दस्तऐवजाचा आधार दिला, बाप्तिस्म्याची पुनरावृत्ती होऊ शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "माझ्या आईने मला तिच्या विश्वासाने नेले, तिला मी खोटे पाडणार नाही. पण येशू माझा प्रभू आहे, हे माझ्या तोंडून पहिल्यांदा त्या विहिरीत निघाले. तेही मी खोटे म्हणू शकत नाही." कुणीतरी सुचवले की ते वाक्यच गाळावे. मी विरोध केला. बाकी सर्वांनी सही केली आणि काकांनी कागद माझ्याकडे परत दिला.

आम्ही एका वृद्ध माणसाला घालवून दिले, असे जे म्हणतात त्यांना सांगते की ते खोटे आहे. काका आजही प्रार्थनेला येतात. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हेही खरे आहे. करणारा देव आहे, म्हणून कृती एकच, असे मी म्हणते. विहिरीतही करणारा तोच होता, असे ते म्हणतात.

तरुणपणी मी म्हणत असे की निवेदन हवेच कशाला. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेवली, हा दाखला मी प्रत्येक वादात देई. तरुणपणीच्या त्या मुलीला मी आज एवढेच विचारीन की, पुत्र हा देव नसून निर्माण केलेला आहे असे आमच्यात येऊन कुणी शिकवू लागला, आणि तसा एक जण आलाही होता, तर त्याला कोणत्या आधारावर थांबवायचे? ती टिळकांचेच नाव घेईल, आणि तिचे सगळेच म्हणणे मला खोडून काढता येणार नाही.

ज्याची सही नाही त्याने शास्त्राभ्यास घ्यावा की नाही, हा प्रश्न आता संगतीपुढे आहे. ते वाक्य मी काढू देणार नाही, आणि इफिसकरांस पत्राचा अभ्यास काकांखेरीज दुसऱ्या कुणाकडे देण्याचीही माझी तयारी नाही.