गीझरचं माहेर

न्हाणीघरातला बंब गेला आणि गीझर आला, पण हा शब्द आला कुठून, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. त्याचं माहेर आइसलँडमध्ये. रेक्याविकपासून साधारण 100 किलोमीटरवर गेसिर नावाचं उकळत्या पाण्याचं कारंजं आहे. त्या एकट्याचं नाव जगातल्या सगळ्या तशा कारंज्यांना पडलं आणि फिरत फिरत आपल्या भिंतीवरच्या टाकीला येऊन चिकटलं.

रेक्याविक ही सार्वभौम देशांच्या राजधान्यांमधली सर्वांत उत्तरेची, पण तिथल्या घरांत गीझर शोधू नये. गरम पाणी जमिनीतल्या उष्णतेवरच तापून येतं. नळ सोडला की आधी नाकाला कळतं: सडक्या अंड्याचा वास! तो हायड्रोजन सल्फाइडचा. अंगाला राहत नाही, पण चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण काढूनच आंघोळीला जावं. सोन्याला काही होत नाही. पाणी चटका बसेल इतकं कढत असतं. आपण कढत पाण्यात विसण घालतो. इथे आधी थंड सोडायचं आणि त्यात बेताबेताने कढत वाढवायचं. थंड पाण्याला वास नसतो. प्यायचं असेल तर ते अर्धा मिनिट वाहू द्यावं आणि मग पेला भरावा. बाटलीबंद पाणी विकत घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

बाजाराचा मुख्य रस्ता लॉयगावेगूर, म्हणजे गरम झऱ्यांची वाट. बायका धुण्याची बोचकी घेऊन याच वाटेने झऱ्यांवर जात. 1930 साली त्या झऱ्यांकडचं पाणी नळाने गावात आलं. आता त्यात 27 किलोमीटरवरून नळातून आणलेल्या पाण्याचीही भर पडते. घरं तापवून कोमट झालेलं पाणी पुढे फुटपाथखालून फिरवतात, म्हणजे बर्फ साचत नाही. काटकसर म्हणावी तर अशी.

थिंगवेट्लिर, गेसिर आणि गुल्फॉसचा धबधबा एका दिवसात होतात. थिंगवेट्लिरला 930 साली उघड्यावर संसद भरली आणि त्याच भागात जमिनीचे दोन पट्टे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर सरकताहेत. तास-दीड तास पुरे.

खरा वेळ गेसिरला द्यावा. मूळ गेसिर आता क्वचितच उडतो. उडतो तो शेजारचा स्ट्रोक्कूर, दर पाच-दहा मिनिटांनी, 15 ते 20 मीटर. त्याची नळीही बुजली होती, ती 1963 मध्ये साफ केली. प्रकार कुकरचाच: खोलवरचं पाणी वरच्या पाण्याच्या ओझ्याखाली 100 अंशांपलीकडे तापतं, तरी उकळत नाही. वरचं ओझं जरा हललं की सगळं एकदम वाफ होऊन उसळतं. कुंडातलं पाणी श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं, मग निळा घुमट फुगतो, जेमतेम सेकंदभर, आणि फुटतो. फोन तेव्हा उचलला तर उशीर झाला. पाणी वरखाली होतानाच व्हिडिओ सुरू करायचा आणि पहिल्या उसळीनंतर लगेच हात खाली घ्यायचा नाही, कधी कधी पाठोपाठ दुसरी येते. वारा पाठीवर घेऊन उभं राहावं. दोरीपलीकडच्या ओघळात मात्र बोटसुद्धा घालू नये.

गुल्फॉस तिथून 10 किलोमीटर. हिमनदीचं पाणी 11 आणि 21 मीटरच्या दोन पायऱ्यांनी घळीत कोसळतं. खालची वाट तुषारांनी कायम ओली. हिवाळ्यात ती गोठते आणि बंद करतात. छत्री नकोच, वारा उलटी करतो. गाडी नाक वाऱ्याकडे करून लावावी आणि दार धरूनच उघडावं. वाऱ्याने दार उलटं वाकलं तर बऱ्याच विम्यांत ते बसत नाही.

संध्याकाळी शहरातला तरणतलाव. पाण्यात क्लोरीन कमी, म्हणून आधी साबण लावून, कपडे न घालता शॉवर घ्यावाच लागतो. कुठे कुठे चोळायचं त्याचं चित्र भिंतीवर असतं. आपल्याकडची मंडळी इथेच अडतात, पण तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बाहेर गरम पाण्याचे हौद, प्रत्येकावर तापमान लिहिलेलं: 38च्या हौदापासून सुरुवात करावी, 44च्या हौदात पाच मिनिटं खूप झाली. परतताना कपड्यांच्या खोलीत शिरण्याआधीच अंग पुसायचं, नाहीतर ओल्या फरशीवरून पहिली बोलणी तिथेच खावी लागतात.