आर्केड पेटीचं अपडेट: दोन प्लेयरचे कंट्रोल लागले, आता डावा तो डावाच

मंडळी, घरी पार्लरसारखी आर्केड गेमची पेटी बनवतोय, तिच्या बॉडी, स्क्रीन आणि स्पीकरचं मागे सांगून झालंय, आता कंट्रोल पॅनल. आत रास्पबेरी पाय 4 (छोटा कॉम्प्युटर) आहे, त्यावर रेट्रोपाय (जुने गेम चालवायची सिस्टिम), आणि बहुतेक आर्केड गेम एफबी निओ कोअरवर (त्यातला आर्केडचा इम्युलेटर) चालवतोय. एका प्लेयरचं पॅनल कोणीही लावतो हो, चार वायरी जोडल्या की झालं, पण शेजारी दुसरा माणूस उभा राहिला की सगळी गणितं बदलतात, लाकडापासून सॉफ्टवेअरपर्यंत. आणि मला दोन प्लेयर हवेच होते, कारण मुस्तफा एकट्याने खेळण्यात काय मजा? (1993 चा कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण पार्लरमध्ये त्या नावाने तो कोणी मागितल्याचं मला आठवत नाही, मुस्तफाच.)

आधी लाकूड. पॅनल 12 मिमी एमडीएफ, वर सनमायका, रुंदी 70 सेंमी. भोकं पाडायच्या आधी पुठ्ठ्यावर पूर्ण मापात आखणी करून तो पुठ्ठा पेटीवर ठेवला आणि धाकट्या भावाला शेजारी उभा केला, दोघांनी हात ठेवून बघितले. डाव्या प्लेयरचा उजवा हात बटणांवर असतो आणि उजव्या प्लेयरचा डावा हात स्टिकवर, म्हणजे भांडण होतं ते नेमकं मधल्या जागेत, तिथे दोघांची कोपरं भिडतात. नुसतं स्टिक ते स्टिक अंतर मोजून उपयोग नाही, पहिल्याचं शेवटचं बटण ते दुसऱ्याची स्टिक हे अंतर बघा. आणि दोन्ही बाजू किंचित बाहेर फिरवून आखल्या तर खांदे मोकळे राहतात. पुठ्ठ्यावर हे पाच मिनिटांत कळतं, भोक पडल्यावर कळून फायदा नाही.

बटणांसाठी 30 मिमीची भोकं, मध्यापासून मध्यापर्यंत 36 मिमी. सनमायक्यावर मास्किंग टेप लावून मगच होल सॉ चालवा, नाहीतर कडा उडतात. बटणं घेताना एक बघाच, दाबून अडकणारी जी बटणं असतात ती पातळ पत्र्यासाठी किंवा अॅक्रिलिकसाठी असतात, 12 मिमी लाकडात त्यांचे कान पकडत नाहीत. जाड लाकडाला खालून नट आवळायची बटणंच घ्यायची. स्टिकचंही तेच, खालून सरळ लावली तर दांडा वर पुरेसा येत नाही, म्हणून सुतारकाकांकडून राउटरने खालच्या बाजूला खाच काढून घेतली, तिथे जेमतेम 5 मिमी लाकूड उरलंय. स्टिकच्या प्लेटला ते पुरतं, चांगलं घट्ट बसलंय.

लेआउट प्रत्येकी सहा बटणं, वर तीन खाली तीन. स्ट्रीट फायटर 2 मध्ये वर पंच खाली किक, त्यात बदल नको. थोडा इतिहास सांगतो कारण पुढे मॅपिंगला तो उपयोगी पडतो. 1985 साली आलेल्या जामा (आर्केड मशीनचं ठरलेलं स्टँडर्ड) वायरिंगमध्ये 56 पिनांचा कनेक्टर आहे आणि त्यात एका प्लेयरला तीनच बटणं धरलेली आहेत. त्यामुळे सहा बटणांच्या गेमला किकची वायरिंग वेगळ्या कनेक्टरने न्यावी लागायची. म्हणजे त्या काळच्या बहुतेक गेमचं काम वरच्या तीन बटणांत भागतं, खालची ओळ सहा बटणवाल्या फायटिंगसाठी. हे डोक्यात ठेवलं की कुठल्या गेमला कुठली बटणं द्यायची याचा गोंधळ होत नाही.

वायरिंगचं फार लिहीत नाही. प्रत्येक बटणाच्या मायक्रोस्विचचं एक टोक ग्राउंडच्या एकाच माळेत, दुसरं टोक बोर्डाच्या आपापल्या पिनवर. लाइट नसलेल्या बटणाला उलटसुलट काही नसतं. फक्त स्टिक उघडून एकदा बघून घ्या: दांडा वर, म्हणजे स्क्रीनकडे ढकलला की त्याचं पॅनलखालचं टोक उलट दिशेला सरकतं, म्हणजे तुमच्या बाजूला येतं, आणि तुमच्या बाजूचा मायक्रोस्विच दाबला जातो. म्हणजे ‘वर’ची वायर खालच्या स्विचला, ‘डावी’ची वायर उजव्या स्विचला. हळू ढकलून कान दिला तर टिक् कुठून येतो ते ऐकू येतं, आणि तिरकं ढकलल्यावर दोन टिक् येतात, एकामागोमाग एक. ते दोन्ही स्वच्छ ऐकू आले की समजायचं स्टिक नीट मध्यभागी बसलीये.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. सुरुवात सगळे करतात तशीच, दोन झीरो डिले यूएसबी बोर्ड (बटणांच्या वायरी घेऊन यूएसबी जॉयस्टिक बनणारे), एक डाव्या बाजूला एक उजव्या बाजूला. चालतात, छान चालतात, स्वस्त आहेत. पण दोन्ही बोर्ड सिस्टिमला स्वतःचं नाव एकच सांगतात, व्हेंडर आयडी प्रॉडक्ट आयडी पण एकच, सिरियल नंबर नसतो. मग लिनक्स काय करणार, बूट होताना जो आधी सापडला तो पहिला जॉयस्टिक, नंतरचा तो दुसरा. बहुतेक वेळा क्रम तोच राहतो, आणि मग एखाद्या रविवारी पाहुणे आलेले असताना पेटी चालू करावी तर डावी स्टिक दुसऱ्या प्लेयरला हलवतेय. मेन्यूत जाऊन जॉयपॅड इंडेक्स (कुठला जॉयस्टिक कुठल्या प्लेयरला तो नंबर) बदलता येतो, पण पुढच्या बूटला पुन्हा उलटं झालं तर पुन्हा बदला. माझं स्पष्ट मत आहे की आर्केड पेटीत हे चालणार नाही. पार्लरच्या मशीनवर डावा म्हणजे पहिला प्लेयर, त्याला मेन्यू लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही, घरच्या पेटीतही तसंच पाहिजे.

यावर काही जण कीबोर्डवाला मार्ग सुचवतात, म्हणजे एकच बोर्ड कीबोर्ड बनून दोन्ही प्लेयरची बटणं पाठवतो. मेम या आर्केड इम्युलेटरचा डिफॉल्ट त्यासाठी तयारच आहे, पहिल्याला बाणाच्या कीज आणि कंट्रोल, ऑल्ट, स्पेस, दुसऱ्याला आर एफ डी जी आणि ए एस क्यू डब्ल्यू, कॉइनला 5 आणि 6, स्टार्टला 1 आणि 2. एक डिव्हाइस असल्यामुळे क्रमाचा प्रश्नच मिटतो. रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डाला 26 वापरण्याजोग्या पिना आहेत आणि दोन प्लेयरचा हिशोब बघा, स्टिकच्या 8, बटणं 12, स्टार्ट कॉइन मिळून 4, एक हॉटकी (दुसऱ्या बटणासोबत दाबून गेम बंद वगैरे करायचं बटण), एकूण 25, अगदी मापात बसतं! पण साध्या यूएसबी कीबोर्डच्या रिपोर्टमध्ये एका वेळी सहाच साध्या कीज जातात. कंट्रोल, ऑल्ट त्या सहात धरत नाहीत, पण सगळ्या बटणांना साध्या कीज दिल्या तर एक प्लेयर तिरकी स्टिक धरून दोन बटणं दाबतो तेव्हा त्याच्याच चार झाल्या, दुसऱ्यानेही तेच केलं की आठ, मग कोणाचं तरी बटण हरवणार. मुस्तफात अॅटॅक आणि जंप एकत्र दाबून सगळ्यांना उडवायचं असतं, आणि दोघं एकदम घेरले गेलेले असताना तेच बटण हरवलं तर भाऊ स्टिक उपटून काढेल. ज्या एन्कोडरला (बटणं वाचून यूएसबीवर पाठवणारा बोर्ड) सहाच्या वर कीज पाठवता येतात त्यांना हा त्रास नाही, पण साधी कीबोर्ड लायब्ररी टाकून केलेल्या जुगाडाला आहे.

म्हणून मी घेतले दोन प्रो मायक्रो, आर्डुइनोसारखे छोटे बोर्ड, ते एटीमेगा 32यू4 चिपवाले, एका प्लेयरला एक. हे बोर्ड स्वतः यूएसबी जॉयस्टिक बनू शकतात आणि मुख्य म्हणजे नाव आपण ठेवू शकतो. आर्डुइनोच्या बोर्ड्स फाइलमध्ये त्या बोर्डाच्या नोंदीच्या दोन कॉप्या केल्या, एकीत प्रॉडक्टचं नाव डावा, दुसरीत उजवा (फाइलमध्ये रोमन अक्षरांतच ठेवा). नुसतं नाव बदलून थांबू नका, प्रॉडक्ट आयडीही वेगळा द्या, कारण इम्युलेशन स्टेशन (रेट्रोपायचा मेन्यू) कंट्रोलर ओळखतं ते जीयूआयडी या ओळखक्रमांकावरून, आणि जुन्या एसडीएलमध्ये (कंट्रोलर वाचणारी लायब्ररी) तो नुसता व्हेंडर, प्रॉडक्ट, व्हर्जन यांच्यावरून बनतो. नाव वेगळं पण आयडी एकच ठेवला तर रेट्रोआर्कला (गेम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) दोन दिसतील आणि मेन्यूला एकच.

कोड अगदी छोटा आहे. सगळ्या पिना चिपच्या आतल्या पुलअपवर (बटण न दाबता पिन स्थिर ठेवणारा रेझिस्टर), त्यामुळे बाहेर रेझिस्टर लागत नाही, आणि काही बदललं तरच रिपोर्ट पाठवायचा. डिबाउन्सबद्दल (दाबताना स्विच क्षणभर थरथरतो, म्हणजे बाउन्स, त्याचे खोटे दाब गाळणं) मात्र एक सांगतो. बरेच जण बटण दाबल्यावर 5 मिलिसेकंद थांबतात, स्थिर झालं का बघतात आणि मग पाठवतात. त्यापेक्षा पहिला बदल दिसला की लगेच पाठवा आणि नंतरचे 5 मिलिसेकंद त्या पिनेकडे दुर्लक्ष करा. बाउन्स तेवढाच थांबतो आणि उशीर होत नाही. 60 फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची, त्यातले 5 उगाच कशाला घालवायचे.

आता पायवर. जेएसटेस्ट ही जॉयस्टिक तपासायची कमांड चालवून दोन्ही स्टिक आणि प्रत्येक बटण वेगवेगळं तपासलं, हे मेन्यूत जायच्या आधीच करा, म्हणजे वायरीचा दोष आणि सेटिंगचा दोष वेगळे राहतात. मग इम्युलेशन स्टेशनमध्ये डाव्याचं बटण दाबून धरलं, कॉन्फिगर केलं, मग उजव्याचं. स्टिक विचारताना डी-पॅडच्या जागी द्या, अॅनालॉग विचारेल तिथे कुठलंही बटण दाबून धरून पुढे जा. बटणं अशी (नावं गेमपॅडच्या बटणांची): वरची ओळ वाय, एक्स, एल आणि खालची ओळ बी, ए, आर. विचित्र वाटेल, पण एफबी निओच्या क्लासिक मांडणीत हलका, मध्यम, जोरदार पंच म्हणजे वाय, एक्स, एल आणि किक म्हणजे बी, ए, आर, त्यामुळे स्ट्रीट फायटर काही न बदलता बरोबर लागतो. प्रत्येक नावाची वेगळी फाइल रेट्रोआर्कच्या जॉयपॅड फोल्डरमध्ये तयार झालेली दिसली की समजा नाव बदलण्याचं काम झालं.

मग शेवटचा खिळा. रेट्रोपायच्या सेटअपमध्ये जॉयस्टिक सिलेक्शन नावाचं पॅकेज आहे, त्यात क्रमाऐवजी नावाने निवडायचं ठरवता येतं, पहिला प्लेयर डावा, दुसरा उजवा. नवीन रेट्रोआर्कमध्ये तर पोर्टच्या सेटिंगमध्येच ठराविक डिव्हाइस त्या प्लेयरसाठी राखून ठेवता येतं. एकसारख्या दोन बोर्डांना यातलं काहीच लागू पडत नाही, नाव वेगळं झालं म्हणून हे शक्य झालं. यूएसबी मुद्दाम अदलाबदल करून लावल्या, उलट्या क्रमाने लावल्या, एक काढून पुन्हा बूट केलं, डावा डावाच राहिला. मस्त वाटलं!

निओ जिओसाठी थोडं वेगळं करावं लागतं. क्लासिक मांडणीत त्याचे ए, बी येतात खालच्या ओळीत आणि सी, डी वर, म्हणजे दोनावर दोन. किंग ऑफ फायटर्स 97 ला मला ते आवडतं, मेटल स्लगला मात्र गोळी, उडी, बॉम्ब वरच्या ओळीत सलग हवेत. रिमॅप करा (बटणांची कामं बदला) पण सेव्ह करताना कोअर रिमॅप म्हणून करू नका, स्ट्रीट फायटर पण त्याच कोअरवर आहे, तिथली सगळी घडी विस्कटेल. गेम रिमॅप किंवा फोल्डरचा रिमॅप करा. आणि उजव्या प्लेयरचा रिमॅपही तिथेच करून मग सेव्ह करा, नाहीतर दोघांची बटणं वेगळी राहतात.

कॉइन आणि स्टार्टचं नक्की ऐका. रेट्रोपायमध्ये सिलेक्ट हीच हॉटकी असते आणि सिलेक्ट अधिक स्टार्ट म्हणजे गेम बंद. आर्केडमध्ये सिलेक्ट म्हणजे कॉइन. पुतण्या खेळायला उभा राहिला की दोन्ही हातांनी कॉइन आणि स्टार्ट एकदमच बडवतो, पोरंच ती, आणि चालू गेम बंद. म्हणून हॉटकीचं वेगळं छोटं 24 मिमी बटण पेटीच्या मागच्या बाजूला, डाव्या बोर्डावर जोडलंय. शिवाय बाहेर पडायला दोनदा दाबावं लागेल ही सेटिंगही चालू केली.

आणखी एक, दुसरी स्टिक मेली म्हणून कोणी वायरी उपसायला लागण्याआधी गेम कुठला आहे ते बघा. पॅकमॅन (1980) सारख्या जुन्या गेममध्ये दोघं आळीपाळीने खेळतात आणि उभ्या मशीनवर दुसऱ्यानेही पहिल्याचीच स्टिक वापरायची असते. टेबलवाल्या कॉकटेल मशीनमध्ये समोरच्याला वेगळी स्टिक आणि स्क्रीन उलटी. हे डिप स्विचने (गेमच्या बोर्डावरच्या सेटिंगच्या छोट्या स्विचने) ठरतं, आपल्या वायरिंगचा दोष नसतो. पॅकमॅनसाठी स्टिक चार दिशांची लागते तेही आहेच, काही स्टिकची खालची प्लेट 45 अंश फिरवली की होतं, पण मी अजून केलेलं नाही, कारण पेटीवर फायटिंगच जास्त चालतं.

आता पुढचं काम तिसऱ्या प्लेयरचं. मुस्तफा तिघांनी खेळता येतो आणि पुतण्याने त्यातली हॅना हे पात्र आधीच बुक केलंय. पॅनल 70 सेंमीच असल्यामुळे तिसरा मध्ये बसणार नाही, म्हणून बाजूला हूकने अडकवायची छोटी फळी करायचा विचार आहे, त्यात तिसरा प्रो मायक्रो, नाव मधला. कोणी अशी सुटी फळी केली असेल तर खेळताना ती हलते का, आणि हूक लावलेत की खालून पट्टी दिलीये, तेवढं फोटोसकट सांगा.