गुंजेवरचं टिंब सापडलं

आजोबांच्या औषधीसंग्रहाच्या ३१२ पानी पुस्तकाचं स्कॅन ६४० एमबीवरून ११ एमबीवर आलं, असं मागच्या नोंदीत मी मोठ्या आनंदाने लिहिलं होतं. ती फाइल मी आता पुसून टाकली आहे. तुमच्यापैकी ज्यांनी माझ्याकडून ती घेतली असेल त्यांनीही कृपा करून पुसावी. का, ते सगळं सांगते.

तात्यांना पडद्यावर वाचवत नाही, म्हणून मी वीस पानं छापून त्यांना नेऊन दिली. तात्यांची सगळी उमर वैद्यकीत गेली आहे. भिंग घेऊन त्यांनी दोन पानं वाचली आणि विचारलं, "अगं, हे 'दोन गुज' काय आहे? गुंज कुठे गेली?" मी म्हटलं, शाई पुसट असेल. तेवढ्यात पुढच्या ओळीत 'सुठ' निघाली आणि त्याच पानाच्या तळाला 'हिग'. मूळ पुस्तक काढलं तर तिन्ही टिंबं जागेवर होती. फिकी, पण होती.

मला हे आधी कसं दिसलं नाही, याचं कारण पुस्तकाच्या वयात आहे. हे पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या कितीतरी आधीचं. तें, घ्यावें, औषधें, मुलांनीं अशी उच्चार नसलेली टिंबं पानभर पसरलेली. त्यातली दहा गेली तरी डोळा अडखळत नाही, उलट पान आजच्या मराठीसारखं दिसू लागतं. मी तपासताना नेमकी अशीच पानं चाळली होती.

पहिला संशय अर्थातच मिनिडेजाव्हूवर, म्हणजे स्कॅनची पानं आवळून त्यांची डेजाव्हू ही पीडीएफसारखी फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामवर. मी सगळे 'लॉसी' (थोडा तपशील गमावून फाइल लहान करणारे) पर्याय एकत्र लावणारा मायनस एल वापरत होते आणि त्यात बारीक काळे तुकडे झाडून टाकणारा 'क्लीन' येतो. तो वगळून पुन्हा चालवलं, टिंबं नाहीतच. मग कडा गुळगुळीत करणारं 'स्मूथ' वगळलं, तरी नाहीत. माझ्या जुन्या संगणकात जी३१ बोर्डावर ई५२०० प्रोसेसर आहे, अडीच गिगाहर्ट्‌झचा. पूर्ण पुस्तक एकदा आवळायला पाऊण तास लागतो. अशा फेऱ्यांत दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सुचलं की आवळण्याआधीची टिफ फाइल मी उघडून पाहिलेलीच नाही. उघडली. पान ४३, ओळ ६, 'गुज'. म्हणजे टिंब आवळण्याआधी पानं साफ करणाऱ्या स्कॅनटेलरमध्येच गेलं होतं. मिनिडेजाव्हूने त्याला मिळालं ते प्रामाणिकपणे आवळलं होतं.

पानांवर तपकिरी डाग फार, म्हणून ठिपके काढण्याची पातळी मी सर्वांत कडक ठेवली होती. एरवी स्कॅनटेलर मोठ्या आकाराला लागून असलेला ठिपका सांभाळतो, म्हणून मी निश्चिंत होते. पण खिळे जुळवून छापलेल्या या पुस्तकात टिंबाचा खिळा झिजलेला आहे. करड्या स्कॅनमध्ये ते एक फिकट टिंब असतं. काळं-पांढरं करताना त्याचे दोन-तीन चुरे होतात, आणि प्रत्येक चुरा धुळीच्या कणाएवढाच उरतो. कडक पातळीने ते झाडून टाकले. उपाय दोन पायऱ्यांचा निघाला. आधी थ्रेशोल्डची (कुठला करडा काळा धरायचा ते ठरवणारी) पट्टी जाडपणाकडे थोडी सरकवायची, म्हणजे चुरे जुळून एक टिंब होतं. मग ठिपके काढण्याची पातळी सर्वांत सौम्य ठेवायची. उरलेले डाग समासात असतील तर हाताने पुसायचे, ओळींमध्ये असतील तर राहू द्यायचे. पान थोडं मळकट दिसतं. मला आता मळकट पान जास्त आवडू लागलं आहे.

पण ३१२ पानांतलं प्रत्येक टिंब आलं की नाही, हे भिंग लावून कोण तपासणार? यावेळची खरी कमाई मी या प्रश्नाच्या उत्तराला मानते. आधीचं आणि नंतरचं पान एकावर एक ठेवून फक्त फरक काढायचा. अक्षरांच्या कडांवर एक-एक पिक्सेलची किनार उरते, ती निरुपद्रवी. ती किनार खरवडून टाकली की जे जाड काही शिल्लक राहतं ते म्हणजे हरवलेलं टिंब, तुटलेली वेलांटी किंवा बदललेलं अक्षर.

इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रामने करायला गेले आणि संगणक गुदमरला. ३३०० गुणिले ५१०० पिक्सेलचं पान डिस्कवर साठ-सत्तर केबीचं असतं, पण इमेजमॅजिक ते स्मृतीत प्रत्येक पिक्सेलला ८ बाइट देऊन उघडतो. म्हणजे एका पानाला सुमारे १३५ एमबी. अशी तीन पानं एकदम, आणि माझ्याकडे त्या आठवड्यात एकच जीबी चालू होती. (दुसरी रॅम मेली होती. तपकीर गल्लीतून स्वस्तात आणलेली दोन जीबीची डीडीआर२ पट्टी फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणारी निघाली. इंटेलच्या बोर्डावर नुसती शिट्टी. डीडीआर२ घेताना पट्टीवरच्या चिपा मोजा, 'फक्त एएमडी' असं बारीक अक्षरात लिहिलंय का ते बघा, आणि दुकानात लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. बदलून आणलेली पट्टी मेमटेस्टवर रात्रभर चालली, एकही चूक नाही. आता तीन जीबी आहे.)

शेवटी नेटपीबीएम या चित्रांवरच्या छोट्या हत्यारांच्या संचाकडे वळले. पामअरिथ फरक काढतो आणि पीबीएमक्लीन किनार खरवडतो. दोन्ही शेलच्या एका ओळीत जोडले, दर पानाचे उरलेले पिक्सेल मोजले आणि पानं उतरत्या क्रमाने लावली. एवढ्या जुन्या पठडीची हत्यारं इतकी मोजकी स्मृती खातात की संगणकाचा पंखाही वर चढला नाही. जुन्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाने नेटपीबीएम शिकून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आता स्कॅनटेलरची नवी टिफ आणि त्यातून मायनस एलनेच आवळलेली डेजाव्हू यांची तुलना केली. टिंबं शाबूत होती. तरी यादीत पहिलं पान आलं ८७. तिथे अनुस्वार हरवला नव्हता, आकडा बदलला होता. घटकांच्या यादीत बचनागापुढे पुस्तकात १ आहे आणि माझ्या फाइलमध्ये ९. त्या रकान्यात नुसते आकडे असतात. 'गुंज' किंवा 'गुंजा' असा शब्द पुढे असता तर एकवचन-अनेकवचनावरून तरी चूक ओरडली असती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, या हिशोबात एकाचे नऊ होणं म्हणजे काय, हे मी तात्यांना सांगायला गेले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बचनाग विष आहे, बाई. ते पान आधी दुरुस्त कर."

हा दोष मात्र आवळण्यातलाच. मिनिडेजाव्हू मायनस एम लावल्यावर (मायनस एलमध्ये तोही येतो) एकसारखे दिसणारे आकार शोधतो आणि सगळ्यांच्या जागी एकच आकार वापरतो. 'किती सारखं ते सारखं' ही आक्रमकता मूळची १०० असते. दोन एमबी वाचतात म्हणून मी ती १५० वर नेली होती. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्सच्या यंत्रांतून निघालेल्या नकलांमध्ये ६ चे ८ झालेले दाखवले, तेही याच जातीचं प्रकरण, जेबिग२ या आवळण्याच्या रीतीमधलं. ते मला ठाऊक होतं. पण शब्दांत तशी एकही चूक दिसत नव्हती, म्हणून देवनागरीत हा धोका नसावा असं मी धरून चालले.

शब्दांत चूक का नाही, हे ८७ नंबरच्या पानाने शिकवलं. असे सगळे प्रोग्राम पानावरचे जोडलेले काळे तुकडे मोजतात. रोमन लिपीत एक तुकडा म्हणजे बहुधा एक अक्षर. आपल्याकडे शिरोरेषा अख्खा शब्द बांधून ठेवते, म्हणून तुकडा म्हणजे जवळपास शब्द. 'घ्यावें' दुसऱ्या 'घ्यावें'शीच जुळतो. अदलाबदल कमी होते, पण म्हणूनच फाइलही इंग्रजी पुस्तकाइतकी लहान होत नाही. शिरोरेषेबाहेर कोण उरतं? टिंबं आणि आकडे. म्हणजे जिथे एका खुणेने अर्थ किंवा मात्रा बदलते तेवढंच नेमकं उघड्यावर.

मायनस एम कायमचा बंद केला आहे. त्याविना मिनिडेजाव्हू आकार बदलत नाही. सारखा आकार सापडला तर त्याच्यापासूनचा फरक तेवढा साठवतो, काहीच गमावत नाही. फाइल १७ एमबी झाली. फरकयंत्र पुन्हा चालवलं आणि ३१२ च्या ३१२ पानांवर शून्य. इतके शून्य मी आयुष्यात आवडीने मोजले नव्हते.

आता हे लिहिता लिहिताच एक सुचतंय. डेजाव्हूच्या जेबी२ या काळी-पांढरी पानं आवळण्याच्या रीतीमध्ये पान म्हणजे आकारांची यादी आणि प्रत्येकाची जागा. दोन आकार एकमेकांना चिकटून ठेवले तर उघडल्यावर अखंडच दिसतात. मग शब्द या आकारांच्या कोशात टाकण्याआधीच, दोन अक्षरांमध्ये जिथे शिरोरेषेखाली कोरा रकाना असतो तिथे उभा कापला तर? एकही पिक्सेल बदलणार नाही, पण 'क' सगळ्या पुस्तकातल्या 'क'शी जुळू शकेल. मिनिडेजाव्हूचा कोड मुक्त आहे. तुकडे वेगळे करणारा भाग शोधून तिथे कापण्याची पायरी घालावी लागेल. अट एकच, मायनस एमशिवाय. कारण शिरोरेषेचं कुंपण काढलं की घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व असे सगळे समोरासमोर येणार. ओसीआरचा (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारा) थर पुढच्या आठवड्यात घालणार होते, ते मागे टाकते. तसाही ई५२०० वर एसएसई ४.१ हा आदेशसंच नाही, त्यामुळे टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामची वेगवान वाट बंद आहे आणि एक-एक पान रांगत जातं. ते काम भाचीच्या लॅपटॉपवर सोपवीन.

डेजाव्हू आता कोण वापरतं, असं दोघांनी विचारलं होतं. इंटरनेट आर्काइव्हने २०१६ मध्ये नव्या डेजाव्हू फाइल बनवणं थांबवलं, हे खरं. पण माझ्या यंत्रावर ही १७ एमबीची फाइल पान उलटताच पान दाखवते, आणि विकिस्रोत आजही ती घेतो. मोबाइलवाल्यांसाठी याच टिफांची पीडीएफही करीन, जेबिग२ची 'जेनेरिक' रीत वापरून, म्हणजे त्यात कोश नाही आणि अदलाबदलही नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. डेजाव्हूसेड या हत्याराने अनुक्रमणिका देवनागरीत चढवली. डाव्या पट्टीत 'चूर्णें', 'आसवें', 'लेप' अशी टिंबांसकट नावं दिसतात आणि टिचकी मारली की पान उघडतं. मुखपृष्ठ सी४४ या रंगीत पानांच्या हत्याराने रंगीत ठेवलं, कोपऱ्यातली आजोबांची निळी सही स्पष्ट वाचता येते. काल पान ४३ आणि ८७ नव्याने छापून तात्यांकडे दिली. भिंगाखाली त्यांनी गुंज वाचली, बचनागापुढचा १ वाचला, आणि आतल्या खोलीतून दुसरं पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. ४४० पानं, वाळवीने खाल्लेली कड, आणि आकड्यांचे रकाने जवळपास प्रत्येक पानावर. उद्यापासून त्याचं स्कॅन.