कापसाचा चुकारा आणि युरोपची टूर

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या गावांतून ग्रुप टूरने परदेशी जाणारी माणसं आता कमी राहिली नाहीत. निवृत्त गुरुजी, संत्र्याचे बगीचेवाले, पोरगा पुण्यात नोकरीला लागला म्हणून आईबापाला पाठवणारी घरं. टूर कंपनीची जाहिरात सांगते की तुम्ही फक्त बॅग भरा. विमानतळापासून पुढे ते बरंचसं खरंही आहे. पण टूर अडते ती बहुतेक वेळा त्याआधी, गावातच. नावाच्या स्पेलिंगात अडते, बँकेच्या खात्यात अडते, नाहीतर तारखेत. म्हणून या लेखात आयफेल टॉवर उशिरा येईल.

आधी तारीख. मृगाच्या पेरणीपासून सोयाबीनच्या सोंगणीपर्यंत घर सोडता येत नाही. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी लागते, ती फेब्रुवारीपर्यंत पुरते. मग चणा-गहू काढणी. मोकळे सापडतात ते मार्चअखेर ते मे. युरोपसाठी हे दिवस चांगले आहेत. हॉलंडची ट्युलिपची बाग, कॉयकेनहोफ, वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडी असते आणि ती याच काळात, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत. अडचण एवढीच की शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच, त्यामुळे भाव सगळ्यात चढे. शेती ठोक्याने दिली असेल किंवा मागे पाहणारं कोणी असेल, तर सप्टेंबर बघावा. गर्दी कमी, थंडी बेताची.

मेमध्ये जायचं तर उलटा हिशेब असा: पासपोर्ट दिवाळीपर्यंत हातात, बुकिंग डिसेंबर-जानेवारीत, व्हिसाची कागदं फेब्रुवारीत तयार. युरोपच्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडावर अर्ज केंद्राची तारीखच लवकर मिळत नाही.

पासपोर्टची फी ३६ पानांना १५०० रुपये, तत्काळला वर आणखी २०००. अर्ज ऑनलाइन, मग नागपूरला किंवा जवळच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जाऊन फोटो आणि ठसे, मग पोलीस पडताळणी. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बाईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर नवऱ्याचं नाव मधे नाहीच, आणि सातबाऱ्यावर नावापुढे ‘बाई’ जोडलेलं. गावात हे चालून जातं. पण विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणे निघतो, आणि बँकेचं स्टेटमेंट त्याच्याशी जुळत नसेल तर तपासणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं दिसतात. आधी आधार दुरुस्त करावं, मग पॅन, मग बँक खातं, शेवटी पासपोर्ट. उलट्या क्रमाने गेलं की सगळं दोनदा करावं लागतं. पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव नावाच्या रकान्यात, आडनाव आडनावाच्या. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये. दुबईच्या व्हिसाला त्याने अडकायला होतं.

जुना पासपोर्ट असेल तर मुदत मोजावी. शेंगेनसाठी तो गेल्या १० वर्षांतला हवा, परतीच्या तारखेपुढे किमान ३ महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. बाकीचे बरेच देश ६ महिने मागतात, म्हणून ६ महिनेच धरून चाला. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शिक्का, म्हणजे परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा शेरा, येऊ शकतो. तो कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणाऱ्याला त्याने बंदी नाही, पण काउंटरवर प्रश्न वाढतात. वय ५० च्या वर असेल किंवा आयकर भरत असाल तर तो लागू होत नाही. तो पुरावा अर्जासोबतच जोडावा.

आता बँक. इथेच शेतकऱ्याचा अर्ज नोकरदारापेक्षा कच्चा दिसतो, आणि पैसा कमी म्हणून नाही. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार पडतो. आपल्याकडे खातं आठ महिने कोरडं, आणि डिसेंबर-जानेवारीत एकदम चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. व्हिसा अधिकाऱ्याला ते ‘कोणाकडून उसने घेऊन भरले’ असं वाटतं, आणि अर्ज नाकारण्याचं हे नेहमीचं कारण आहे. त्यात खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, माल दिला तर पैसा रोखीत, म्हणजे खात्यात दिसतच नाही. टूरला जायच्या वर्षी तरी माल बाजार समितीत किंवा सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) द्यावा, रक्कम खात्यातच घ्यावी आणि काटापट्ट्या, हिशेबपट्ट्या जपून ठेवाव्यात. रोख आली असेल तर ती घरात साठवून व्हिसाच्या आठवड्यात भरण्यापेक्षा आली तशी भरत जावी.

आयकर विवरण म्हणजे आयटीआर तीन वर्षांचं मागतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेकांनी ते कधी भरलेलंच नसतं. त्याऐवजी सातबारा, आठ-अ, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि विक्रीच्या पावत्या लावाव्या लागतात. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. ही सगळी कागदं मराठीत, तेव्हा इंग्रजी भाषांतर सोबत हवं. वर एक साधं पत्र: इतकी जमीन, ही पिकं, पैसा वर्षातून या महिन्यांत येतो, परत आल्यावर पेरणी आहे. शेवटचं वाक्य विनोदाचं वाटतं, पण माणूस परत येणार का, हेच तर त्यांना बघायचं असतं, आणि जमीन-पेरणीसारखा पुरावा दुसरा नाही. पेन्शनरांचं सोपं आहे: पेन्शनचा आदेश आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट. नोकरीतल्या शिक्षकांनी परदेशी जायची खात्याची परवानगी वेळेत मागावी, तो कागद टेबलाटेबलावर फिरतो.

शेंगेनचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, बहुधा मुंबईला. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी उतरून त्याच सकाळची तारीख गाठायचा हट्ट करू नये. गाडीला तास-दोन तास उशीर झाला की तारीख गेली. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही आणि टूर कंपनीही रद्द करण्याचे पैसे कापते. किती दिवस आधी किती कापणार, हा तक्ता बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात असतो. पैसे भरण्याआधी वाचायचं पान तेच.

पैशांचा दुसरा खड्डा म्हणजे टीसीएस, पैसे घेतानाच कंपनीने आपल्याकडून आगाऊ वसूल केलेला आयकर. परदेशी टूरच्या रकमेवर कंपनी ५ टक्के जीएसटी लावतेच, वर सरकारसाठी टीसीएसही गोळा करते. याचा दर बजेटगणिक बदलत आलाय. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या रकमेवर तो २० टक्क्यांवर गेला होता. म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा. हा खर्च नव्हे, आपल्या पॅनवर जमा झालेला कर आहे आणि तो परत मिळतो, पण आयटीआर भरला तरच. ‘शेतकऱ्याला आयटीआर कशाला’ म्हणणाऱ्याचे हे पैसे सरकारकडेच पडून राहतात. नवरा-बायकोचे पैसे एकाच पॅनवर भरले तर सगळा टीसीएस त्याच पॅनवर जातो, हेही लक्षात ठेवावं. आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. कोणी आनंदाने घेत असेल तर तिथे बुकिंग करू नये.

जाहिरातीतला भाव ‘पासून सुरू’ असतो. बऱ्याच कंपन्या रुपये अधिक युरो असा दोन तुकड्यांत भाव सांगतात. युरोचा तुकडा पैसे भरण्याच्या दिवसाच्या दराने बसतो. व्हिसा, टिप, ऐच्छिक सहली, नागपूर-मुंबई प्रवास आत आहे की बाहेर, ते लिहून घ्यावं. कार्यक्रमपत्रिकेतले शब्द तर बाजार समितीतल्या दलालाच्या भाषेइतके काळजीपूर्वक वाचावेत. ‘प्रवेश’ म्हणजे आत जाणार. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे बस थांबेल, उतरा, फोटो काढा, चढा. ‘पॅनोरमिक टूर’ म्हणजे काचेतून. रोमचं कोलोझियम बाहेरूनच दाखवणाऱ्या टूर बऱ्याच आहेत. आयफेल टॉवरला दुसऱ्या मजल्याचं तिकीट आहे की शिखराचं, हे विचारा. दुसरा मजला ११६ मीटरवर, शिखर २७६ मीटरवर, भावात फरक आहे.

बॅग. नागपूर-मुंबई विमानात सामानाची मर्यादा बहुतेकदा १५ किलो, परदेशी विमानात २३ किंवा ३० किलो. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर नागपूरलाच जास्तीच्या किलोचे पैसे पडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. लोणचं, ठेचा मोठ्या बॅगेत. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, खव्याच्या पोळ्या आणि तुपाचा डबा घरीच. चिवडा, शेव, भाजलेले शेंगदाणे, सातूचं पीठ चालतं. दुबई आणि सिंगापूरला खसखस अमली पदार्थांच्या यादीत येते, आणि आपल्या अनारशांवर तर ती थापलेलीच असते. अनारसे नेऊच नयेत.

आणि खर्रा. सिंगापूरमध्ये चघळण्याचा तंबाखू आणणंच बेकायदेशीर आहे, एक पुडी सापडली तरी दंड. खर्रावाल्या माणसाने टूरच्या महिनाभर आधीपासून कमी करत यावं. पंधरा दिवस बसमध्ये चिडून बसलेला नवरा हा बायकोच्याही टूरचा खर्च असतो.

औषधं मूळ पट्टीतच, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, आणि हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर कधीच मोठ्या बॅगेत नाही. केनिया-टांझानियाची सफारी असेल तर पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघण्याच्या किमान १० दिवस आधी. ते प्रमाणपत्र नसेल तर परत येताना भारतातच विलगीकरणात बसावं लागतं.

तिकडे पोचल्यावर सगळ्यात जास्त भांडणं बसच्या वेळेवरून होतात, म्हणून त्यामागचा कायदा सांगतो. युरोपात ड्रायव्हरला दिवसात साधारण ९ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावं लागतं आणि रात्रीची विश्रांती ठरलेली असते. गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवतं. सकाळी वीस मिनिटं उशीर केला तर ती मिनिटं संध्याकाळच्या एखाद्या ठिकाणातूनच कापली जातात. टूर मॅनेजर खडूस नसतो, त्याच्याकडे तासच नसतात. पट्टा बांधायचा, बसमध्ये खायचं नाही आणि जागा रोज बदलत जातात.

महामार्गावरचं शौचालय बहुतेक ठिकाणी पैसे देऊन, अर्धा-एक युरो, म्हणून सुट्टी नाणी खिशात हवीत. आत धुवायला पाणी नसतं. रिकामी बाटली सोबत ठेवा. हॉटेलातल्या बाथरूममध्ये टबाबाहेर बहुधा मोरीच नसते. पडदा टबाच्या आत सोडून अंघोळ करावी, नाहीतर पाणी खोलीच्या गालिच्यात मुरतं आणि भरपाई मागतात. किटलीत दूध किंवा मॅगी उकळू नये. तीन जणांच्या खोलीत तिसरा पलंग घडीचा असतो. उंच माणसाने आधीच नाही म्हणावं.

स्वित्झर्लंडचं युंगफ्रौयोख ३४५४ मीटरवर आहे. चंद्रपूरच्या ४५ अंशांतून निघालेला माणूस आठवड्यात शून्याखाली उभा असतो आणि हवाही विरळ. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारूनच वर जावं, वर गेल्यावर हळू चालावं, बर्फात पळू नये. रोजचं चालणं पाच-सात किलोमीटर सहज होतं. नवे बूट तिकडे पहिल्यांदा घालू नयेत, महिनाभर आधी घालून शेताच्या धुऱ्यावर फिरून घ्यावं.

पैसे फॉरेक्स कार्डवर (आधीच परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड), थोडे रोख. नोटांच्या रूपात परकीय चलन एका प्रवासाला ३००० डॉलरएवढंच नेता येतं. दुकानातल्या मशीनवर ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो दाबा; रुपयांत त्यांचा दर लागतो आणि तो महाग असतो. पॅरिस, रोममध्ये पाकीटमार गर्दीतच उभे असतात. पासपोर्ट हरवला तर पोलीस तक्रार, मग भारतीय दूतावास, आणि मिळतो तो फक्त भारतात परतण्यापुरता दाखला. म्हणजे तिथून पुढची टूर संपली. पासपोर्ट कपड्याच्या आत, झेरॉक्स बॅगेत, फोटो मोबाईलमध्ये आणि एक गावी पोराकडे.

परतीचं विमान मुंबईला उतरतं त्या दिवशीच्या नागपूरच्या तिकिटात किमान सहा तासांचं अंतर ठेवा. आल्यावर टूर कंपनीकडून टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं विसरू नका. जुलैमध्ये आयटीआर भरायची वेळ येते तेव्हा आपण शेतात असतो, म्हणून तो कागद जूनमध्येच गावातल्या सीएकडे पोचता करावा.