वापरलेले ग्राफिक्स कार्ड आणायला गेलो, त्या दिवसाचा वृत्तांत

गेल्या महिन्यात एका रविवारी पहाटेची गाडी पकडून मी शेजारच्या शहरात गेलो, तीन विक्रेत्यांच्या घरी तीन कार्डे पाहिली आणि रात्री त्यांपैकी एक मांडीवर घेऊन परतलो. याच कामासाठी जे निघणार असतील त्यांना उपयोग व्हावा म्हणून, काय पाहिले, काय तपासले आणि कुठे चुकलो, ते क्रमाने लिहितो.

माझ्या संगणकात आजवर एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) होते, तेही ३ जीबीचे. ते घेताना ३ आणि ६ जीबी यांत मेमरीपुरताच फरक असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ३ जीबीच्या कार्डात ११५२ कोअर (गणिते करणारे छोटे भाग) आहेत आणि ६ जीबीच्या कार्डात १२८०, म्हणजे नाव एक असले तरी चिपचा चालू भाग वेगळा आहे. त्यामुळे या वेळी जाहिरातीतल्या नावावर विसंबायचे नाही, असे आधीच ठरवले होते. असे सापळे पुष्कळ आहेत. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटच्या बससह (बस म्हणजे चिप आणि मेमरी यांतला माहितीचा मार्ग) २०२१ मध्ये आले, पण पुढे त्याच नावाने ८ जीबी आणि १२८ बिटचे कार्डही विकले गेले आणि खेळांत ते स्पष्टपणे मागे पडते. एएमडीच्या आरएक्स ५८० मध्ये एरवी २३०४ शेडर (तिथले कोअर) असतात, पण ‘२०४८एसपी’ अशी शेपटी असलेले ५८० हे वस्तुतः ५७० आहे. आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरते, त्यामुळे या मार्गाची तिसरी पिढी असलेल्या मदरबोर्डावर ते आणखी मंदावते. विक्रेता खोटे बोलतो असे नव्हे. पुष्कळदा त्यालाही हे माहीत नसते.

माझी निवड दोन कार्डांवर येऊन थांबली होती: आरटीएक्स ३०६० टीआय, म्हणजे ८ जीबी आणि २०० वॅट, किंवा आरएक्स ६७०० एक्सटी, म्हणजे १२ जीबी आणि २३० वॅट. माझा पॉवर सप्लाय ६५० वॅटचा असल्यामुळे दोन्ही चालणार होती. निघण्यापूर्वी कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती लांबी मोकळी आहे ते पट्टीने मोजून कागदावर लिहून घेतले, कारण तीन पंख्यांची काही कार्डे ३० सेंटीमीटरहून लांब असतात. अशा कार्डामुळे पुढच्या पंख्यांची किंवा हार्ड डिस्कच्या चौकटीची जागा बदलावी लागते.

पिशवीत ठेवलेल्या वस्तू मोजक्याच होत्या, पण त्यांतली एकही वाया गेली नाही. एक स्क्रू ड्रायव्हर, छोटी विजेरी, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची एकेक केबल, स्थिर विजेपासून वाचवणारी पिशवी, बबल रॅपचा तुकडा आणि एक पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा), एचडब्ल्यूइन्फो (तापमाने दाखवणारा), सुपरपोझिशन (कार्डाला ताण देणारा) आणि मेमटेस्ट व्हल्कन (मेमरी तपासणारा) हे प्रोग्राम आधीच उतरवून ठेवले होते, कारण दुसऱ्याच्या घरी इंटरनेटचा पासवर्ड मागत, डाउनलोड पूर्ण होण्याची वाट पाहत बसलो की मूळ तपासणीला घाई होते.

पहिले घर ६७०० एक्सटीचे. तिथे दहा मिनिटांत काम संपले. फोनवर मी ‘कार्ड चालवून पाहता येईल ना?’ असे विचारले होते आणि ‘या ना, बघू’ असे उत्तर मिळाले होते. ते उत्तर म्हणजे नकारच आहे, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. संगणक मोडून विकून टाकला होता आणि कार्ड डब्यात बंद होते. डब्यावरचा अनुक्रमांक आणि कार्डाच्या मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक यांत शेवटचे चार आकडे जुळत नव्हते. ‘एकाच वेळी दोन घेतली होती, डबे बदलले असतील,’ असे गृहस्थ म्हणाले, आणि ते खरेही असेल. पण न चालवलेले कार्ड आणि न जुळणारा डबा या दोन्ही गोष्टी एकत्र स्वीकाराव्यात एवढी सवलत कुठल्याच किमतीत मिळत नाही. फोनवर नेमके एवढेच विचारावे: कार्ड या क्षणी चालू संगणकात बसवलेले आहे का, आणि मी आल्यावर अर्धा तास ताण देऊन पाहू शकतो का? शिवाय अनुक्रमांक दिसेल असा ताजा फोटो मागवावा. तो असला की वॉरंटी शिल्लक आहे का, हे बऱ्याच कंपन्यांकडे निघण्याआधीच विचारता येते. मात्र काही कंपन्या मूळ बिलावर पहिल्या ग्राहकालाच वॉरंटी देतात, म्हणून बिलाचीही चौकशी त्याच फोनवर करावी.

दुसऱ्या घरी आरटीएक्स ३०८० होते, १० जीबीचे. ते माझ्या यादीत नव्हते, रस्त्यात होते म्हणून आणि किंमत त्या दर्जाच्या मानाने फारच उतरलेली होती म्हणून गेलो. मोह झाला, हे कबूल करतो. संगणक चालू होता, काच लख्ख होती, कार्डावर धुळीचा कण नव्हता आणि कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून तिच्यासमोर एक टेबल फॅन लावलेला होता. सुपरपोझिशन सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटे आकडे उत्तम होते. मग मी टेबल फॅन बंद करून कॅबिनेटची बाजू लावायची विनंती केली. विक्रेत्याने ती मान्य केली, पण चेहरा थोडा उतरला.

यानंतरची सात मिनिटे सगळ्यांनी नीट लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तीन तापमाने पाहायची असतात: चिपचे सरासरी तापमान, तिच्यावरच्या सर्वांत गरम बिंदूचे, आणि मेमरीचे. चिप ७४ अंशांवर स्थिर होती, गरम बिंदू ८८ वर, म्हणजे चिप आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्यामधली पेस्ट ठीक होती. मेमरी मात्र ९६, १०२, १०६ अशी चढत गेली आणि बाराव्या मिनिटाला ११० वर जाऊन चिकटली. ३०८० मधली जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना पोहोचली की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. झालेही तसेच, चिपची घड्याळगती (क्लॉक स्पीड) खाली आली आणि पडद्यावरच्या फ्रेम्स दिसण्याइतक्या अडखळू लागल्या. ‘सगळ्यांची एवढीच तापतात हो,’ असे विक्रेता म्हणाला. ही मेमरी गरम असते हे खरे, पण खेळाच्या भाराने बारा मिनिटांत मर्यादेला टेकणे म्हणजे मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधले थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) सुकलेले आहेत, असाच अर्थ मी काढला.

पॅड बदलता येतात, आणि ज्यांचा हात त्यात बसलेला आहे त्यांनी असे कार्ड भाव पाडून जरूर घ्यावे. पण त्यांची जाडी प्रत्येक उत्पादकाच्या मॉडेलप्रमाणे वेगळी असते; अर्धा मिलिमीटर जास्त जाडीचा पॅड बसवला तर हीटसिंक मुख्य चिपपासून वर उचलला जातो आणि मेमरी थंड होऊन चिप तापू लागते. शिवाय हे कार्ड ३२० वॅटचे, त्यासाठी ७५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवलेला, आणि विजेच्या मागणीचे क्षणिक झटके ३२० वॅटहूनही मोठे येतात. पॅड, पेस्ट आणि नवा पॉवर सप्लाय धरल्यावर ती उतरलेली किंमत परत चढतच होती. मी चहा न घेताच निघालो.

तिसरे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते आणि तिथे ३०६० टीआय होते. दार उघडणाऱ्या तरुणाने पहिल्या दोन मिनिटांतच सांगितले, ‘मायनिंगला वापरलंय. नंतर कळण्यापेक्षा आधीच सांगतो.’ मायनिंग म्हणजे कार्डाकडून सतत गणिते करवून आभासी चलन मिळवणे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाच्या जाळ्याने ती पद्धतच सोडली, तेव्हापासून त्याची चार कार्डे बंद पडून होती आणि त्यांतले हे शेवटचे उरले होते. मायनिंगचे कार्ड म्हटले की लोक दचकतात. माझे मत तेवढे कडक नाही. मायनिंग करणारा वीज वाचवण्यासाठी चिपचा व्होल्टेज उतरवून ठेवतो आणि भार दिवसरात्र सारखाच राहतो, त्यामुळे तापणे-थंडावणे यांचे हेलकावे कमी असतात. झिजतात ते पंखे, आणि सुकतात ते मेमरीवरचे पॅड. तेव्हा तपासायचे तर तेच तपासावे. एनव्हिडियाच्या पास्कल (जीटीएक्स १० मालिका) पिढीपासून कार्डाचा बायोस, म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्राम, कंपनीच्या डिजिटल स्वाक्षरीने बंद असतो, त्यामुळे त्यात फेरफार केलेला असण्याची भीती कमी. जुन्या आरएक्स ४७० ते ५८० या मालिकेत मात्र मेमरीच्या वेळा (टायमिंग) बदललेला बायोस सर्रास सापडतो. या स्वाक्षरीआधीच्या काळातल्या चिपवर नवे नाव चढवून विकलेली कार्डेही फिरत असतात, म्हणजे आतून जीटीएस ४५० आणि नावाला जीटीएक्स १०५० टीआय. अशा वेळी जीपीयू-झेड नावाआधी ‘फेक’ असे स्वच्छ लिहून दाखवते.

कार्ड बाहेर काढून विजेरीच्या उजेडात पाहिले. हीटसिंकच्या पात्यांत धूळ होती, मागच्या बाजूला पॅडमधून झिरपलेल्या सिलिकॉन तेलाची एक पुसट तेलकट रेघ होती, पण पट्टीवर गंज नव्हता, स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या नव्हत्या आणि स्लॉटच्या खाचेजवळ, जिथे जड कार्डांचा बोर्ड वाकून तडकतो, तिथे काही दिसले नाही. बोटाने पंखे फिरवले तेव्हा एक सरळ फिरला आणि दुसरा थांबताना किंचित डुलला. बेअरिंग सैल झाले होते.

मग कार्ड परत बसवून, कॅबिनेट बंद करून अर्धा तास ताण दिला. चिप ६७, गरम बिंदू ७९. बारा अंशांचा फरक अगदी चांगला, पंचवीसच्या पुढे गेला असता तर मी पेस्टबद्दल शंका घेतली असती. साध्या जीडीडीआर६ मेमरीच्या ३०६० टीआयवर मेमरीचे तापमान दिसतच नाही, म्हणून तिथे मेमटेस्ट व्हल्कनचा आधार घेतला. तो जवळजवळ सगळी मेमरी भरतो, परत वाचतो आणि चुका मोजतो. दहा मिनिटांत एकही चूक आली नाही. यात एकही चूक आली तरी कार्ड सोडून द्यावे. आज एक चूक देणारी मेमरी उद्या पडद्यावर रंगीत चौकोन दाखवते. त्यानंतर संगणक बंद करून तो पुन्हा सुरू होतो का पाहिले, स्लीप मोडमध्ये झोपवून उठवला, आणि चारही पोर्टांना आळीपाळीने केबल लावली. हे शेवटचे काम कंटाळवाणे आहे म्हणून लोक टाळतात, पण मेलेला पोर्ट एरवी लक्षात येत नाही.

सैल पंख्याकडे बोट दाखवून मी किंमत थोडी खाली आणली, आणि तो तरुणही फार ताणत बसला नाही. पैसे कार्ड काढून पिशवीत गेल्यावर दिले. परतीच्या गाडीत ते वरच्या फळीवर न ठेवता मांडीवरच ठेवले. हीटसिंकचे वजन बोर्डावर लोंबत असते आणि धक्क्याने सोल्डरचे सांधे दुखावतात. याच कारणासाठी ज्यांना पूर्ण संगणक न्यायचा असेल त्यांनी कार्ड आत बसवलेले ठेवून प्रवास करू नये.

माझी चूक घरी आल्यावर उघड झाली. जुने ड्रायव्हर साफ करून नवे घातले, खेळ सुरू केला आणि फ्रेम्स अपेक्षेपेक्षा थोड्या कमी वाटल्या. जीपीयू-झेड उघडले तर बस इंटरफेसच्या ओळीत सोळाऐवजी आठच लेन चालू दिसत होत्या. विक्रेत्याच्या घरी मी ही ओळ पाहिली होती, पण कार्ड निवांत असताना. तेव्हा ती वीज वाचवण्यासाठी पहिल्या पिढीच्या वेगावर उतरलेली असते हे ठाऊक असल्यामुळे पुढचा लेनचा आकडा न वाचताच पुढे गेलो होतो. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून चाचणी सुरू करावी आणि मगच वेग व लेन दोन्ही वाचावेत. तासभर मी स्वतःला दोष देत बसलो. मग कार्ड काढले, सोनेरी संपर्कपट्ट्या उजेडात धरल्या आणि मधल्या भागात एक धुरकट थर दिसला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने तो पुसला तेव्हा कापड करडे झाले. कार्ड पूर्ण सुकल्यावर पुन्हा बसवले, खटका वाजेपर्यंत दाबले, आणि सोळाच्या सोळा लेन आल्या.

पंखा अजून बदललेला नाही. नवा मागवताना कार्डाच्या नावावर न जाता पंख्याच्या पाठीवरच्या लेबलवर छापलेला क्रमांक आणि जोडणीच्या पिनांची संख्या जुळवावी लागते, आणि ते लेबल पाहायला आच्छादन उघडावे लागते. तोवर मी पंख्यांचा वेग असा बांधून ठेवला आहे की, ज्या टप्प्यात तो खुळखुळतो तो टप्पा ओलांडूनच ते फिरतात.