काजूच्या दिवसांत दोडामार्ग-तिलारी: गोचिडांची काळजी घेऊनच जा

मार्चमध्ये सावंतवाडीला उतरलो आणि बांदामार्गे एसटीने दोडामार्ग गाठलं. काजूचा हंगाम भरात होता, बोंडूंचा वास रस्त्यापर्यंत येत होता. तिलारीच्या परिसरातलं जंगल बघण्यासारखं आहे, जरूर जा. पण याच दिवसांत इथे माकडतापाचा धोका असतो आणि बाहेरून येणाऱ्यांना बहुधा त्याची कल्पनाच नसते.

या तापाचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला. दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये साथ आली. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. नोव्हेंबर ते मे हे जपायचे महिने. या काळात गोचिडीची पिल्लं तिळाएवढी असतात, अंगावर चढली तरी कळत नाहीत.

मुक्कामाच्या घरच्या काकू बागेत निघाल्या तेव्हा पाय झाकलेले, हातापायांना आरोग्य केंद्रातलं, गोचिडींना दूर ठेवणारं डीएमपी तेल चोळलेलं. मला म्हणाल्या, "थंय पातेऱ्यार बसू नको हां!" सुकलेला पालापाचोळा हेच गोचिडींचं घर. दमलात तरी टेकायचं ते उघड्या कातळावर. पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यांत खोचलेली, आणि तेल दर काही तासांनी पुन्हा लावायचं. परतल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि साबण लावून आंघोळ. काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी, कानांमागची जागा हाताने चाचपून बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. चिरडू नका, रॉकेल किंवा चटका तर नकोच.

माकड मेलेलं दिसलं तर फोटो काढायलासुद्धा जवळ जाऊ नका. त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरलेल्या असतात. ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. त्यावरूनच गावाला धोका कळतो, म्हणून ही खबर फार मोलाची आहे.

डासांचं म्हणाल, तर डेंग्यूचा डास दिवसा चावतो. खोलीबाहेरच्या करवंट्या, बादल्या यांत पाणी साठलेलं असेल तर यजमानांना सांगून ओतून टाका.

घरी आल्यावर आठवडाभरात एकदम ताप भरला, डोकं आणि अंग ठणकायला लागलं, तर दुखण्यावरची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. माकडतापात रक्तस्राव होऊ शकतो, अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी तो वाढतो. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना माकडताप चटकन सुचेलच असं नाही. दोडामार्गच्या जंगलात जाऊन आलोय, हे तुम्हीच आधी सांगा.