पगार खर्चात, डिव्हिडंड वाटपात

मी अकाउंट्सला आहे, त्यामुळे युनियनच्या वाटाघाटींना माझं काम एवढंच की लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि साहेबांनी विचारलं की आकडा सांगायचा. त्या दिवशी तिसरी बैठक होती. मागणीपत्र येऊन बरेच महिने झालेले, दोन्ही बाजू कंटाळलेल्या.

साहेबांनी नेहमीचं सांगितलं, पगाराचा खर्च वाढतोय, मार्जिनवर प्रेशर आहे. मी पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा तक्ता, सगळ्यांना वाटला. कामगारांकडून बोलणारे दादा जुने टर्नर, रिटायरमेंटला आलेले, बोटांच्या पेरांत ऑइल कायमचं बसलेलं. त्यांनी चष्मा लावला आणि अंगठा एकेका ओळीवरून खाली सरकवत नेला, कुणी काही बोलेना, आणि मग मलाच विचारलं, "मॅडम, आमचा पगार इथे वर खर्चात, कच्चा माल आणि विजेच्या शेजारी. आणि भागधारकांचा डिव्हिडंड एकदम खाली, नफ्याच्या वाटपात. असं का?"

इतकी वर्षं हे फॉरमॅट भरतेय पण मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता हो. मी म्हटलं, नियमच तसा आहे. ते म्हणाले, "नियम कळला. पण मग आमचा पगार वाढला की नुकसान दिसतं आणि त्यांचा डिव्हिडंड वाढला की यश दिसतं, बरोबर ना?"

बरोबरच होतं.

शिकताना एक वेगळा तक्ता बघितलेला तो तेव्हा आठवला. ब्रिटनमध्ये १९७५ साली अकाउंटिंगवाल्यांच्याच एका अहवालात सुचवलं होतं की कंपन्यांनी मूल्यवर्धनाचा तक्ताही छापावा. म्हणजे विक्रीतून बाहेरून घेतलेला माल, वीज, सेवा वजा करायच्या, उरलं ते कंपनीत सगळ्यांनी मिळून तयार केलेलं मूल्य, आणि मग ते कुणाकुणाला गेलं ते दाखवायचं: कामगारांना पगार, बँकेला व्याज, सरकारला कर, भागधारकांना डिव्हिडंड, बाकी घसारा (मशीनच्या झिजेपोटी धरलेली रक्कम) आणि राखीव म्हणून कंपनीत. आकडे तेच, फक्त पगार खर्चातून उठून वाटपात येऊन बसतो. तिथे बरेच वर्षं काही कंपन्या छापायच्याही, मग ते मागे पडलं.

चहाच्या ब्रेकमध्ये मी मागच्या पाच वर्षांचा तसा तक्ता करून पाहिला, अर्धा तासही नाही लागला. पगाराचा वाटा आधी निम्म्याहून बराच जास्त होता, यंदा निम्म्याच्या खाली. पगार दरवर्षी थोडे वाढलेच होते, खोटं नाही, पण बाकीचं त्याहून जोरात वाढलं होतं. आता यात नव्या मशीन्सचाही हात आहे, मशीनला भांडवल लागतं, घसारा वाढतो, हे मीही मानते. पण घसारा आणि व्याज बाजूला काढूनही उतार तसाच होता.

साहेबांना आधी एकट्यात दाखवावं की नाही हा विचार केला आणि शेवटी दाखवलं. त्यांनी बघितलं आणि बैठकीत परत येताच म्हणाले, "नफ्यात वाटा मागणं म्हणजे समाजवाद आहे, तो इथे चालणार नाही." तक्ता न बघताच दादा म्हणाले, "साहेब, कंपनी सरकारची करा असं मी कधी म्हटलं? मला नकोच आहे ते. मालक तुम्हीच रहा. कंपनीने कमावलं त्यात आमचं किती, एवढंच विचारतोय."

मला या शब्दाचा फार राग येतो, म्हणजे समाजवादाचा नाही, तो असा दारासारखा आपटला जातो त्याचा. उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची असावीत ही एक गोष्ट, आणि नफा वाढला तर पगारही वाढवा ही अगदीच वेगळी. अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डने १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर द्यायला सुरुवात केली, जवळपास दुप्पट, आणि त्यातला मोठा हिस्सा नफ्यातला वाटा म्हणूनच दिला, अटी घालून का होईना. माणसं टिकत नव्हती म्हणून दिला. तो समाजवादी नव्हता, युनियन तर त्याने १९४१ पर्यंत मान्यच केली नाही. आणि आमच्याकडे वरच्या मॅनेजर्सचा बोनस नफ्याच्या टक्क्यातच ठरतो, ती फाइल मीच बनवते, त्याला कुणी कधी समाजवाद म्हटलेलं मी ऐकलं नाही.

रात्री उशिरा सेटलमेंट झाली. मागितलं त्यापेक्षा कमी, पण आधीच्या ऑफरपेक्षा बरंच जास्त. सह्यांच्या आधी दादांनी आणखी एक कलम मागितलं, दरवर्षी ताळेबंदासोबत कामगारांना वाटपाचं एक पान द्यायचं. पैशावर साहेब सरकले होते, या पानावर नाही सरकले. कलम खोडलं, दोघांनी बाजूला इनिशियल्स मारले.

तक्ता माझ्याकडे आहे. या वर्षाचा कॉलम मी परवा भरला, वाटा आणखी थोडा खाली आलाय.